शाळेची छायाचित्रे : मूळ प्रत, नक्कल आणि नोंद

(नेर येथे तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बदलीचा हुकूम आल्यावर आपण शाळेचा चार्ज देता, तेव्हाची यादी क्षणभर डोळ्यांपुढे आणा. रोकडवही, जनरल रजिस्टर, हजेरीपट, पोषण आहाराचा साठा, डेडस्टॉकमधील टेबले, नकाशे, घंटा या साऱ्यांची मोजदाद होते. मोडकी खुर्चीसुद्धा सही झाल्यावाचून सुटत नाही. शाळेची छायाचित्रे मात्र त्या यादीत नसतात. ती गुरुजींच्या मोबाईलमध्ये असतात आणि गुरुजींबरोबर परगावी जातात. पुढे तो मोबाईल पाण्यात पडला, चोरीस गेला किंवा विकून नवा घेतला, की शाळेची पाच-सहा वर्षे त्याबरोबर नाहीशी होतात.

मला ठाऊक असलेल्या एका शाळेत एक बाई आल्या होत्या. त्यांचा मुलगा याच शाळेत चौथीपर्यंत शिकला आणि पुढे अपघातात वारला. घरी त्याच्या लहानपणीचे एकही छायाचित्र नव्हते; शाळेच्या स्नेहसंमेलनात तो शिवाजी झाला होता, त्याचा फोटो गुरुजींनी काढला होता, एवढे त्यांना आठवत होते. ते गुरुजी दोन बदल्यांपलीकडे गेले होते आणि मधल्या काळात त्यांचे दोन मोबाईल झाले होते. फोटो मिळाला नाही. यात गुरुजींचा दोष काढता येणार नाही, कारण छायाचित्र हे शाळेचे दप्तर आहे असे त्यांना कोणी कधी सांगितलेच नव्हते. आज मी तेवढेच सांगण्यास आलो आहे, आणि संगणकावर ते दप्तर कसे ठेवावे याची रीतही जमेल तितकी उलगडून दाखविणार आहे.

आपल्यांपैकी जुन्या शाळांत कार्यालयाच्या भिंतीवर एखादे तसबिरीतले सामूहिक छायाचित्र अजून असेल. त्याच्याखाली पुठ्ठ्यावर ‘खुर्चीवर डावीकडून’, ‘उभे डावीकडून’ अशी नावे आणि साल लिहिलेले असते. ज्याने ते लिहिले, तो आपला खरा गुरू समजा. आज आपण एका प्रभातफेरीचे 80 फोटो काढतो आणि एकावरही नाव घालत नाही.

आता पहिली पायरी पाहू. मोबाईलमधील किंवा कॅमेऱ्याच्या कार्डातील छायाचित्रे संगणकात आत घेण्याच्या क्रियेला सॉफ्टवेअरमध्ये ‘इम्पोर्ट’ म्हणतात. डिजिकॅम हे विनामूल्य सॉफ्टवेअर घ्या अथवा 2007 साली निघालेले अडोबीचे लाइटरूम घ्या. दोहोंत आत घेण्याची सोय निराळी केलेली असते. लाइटरूममध्ये त्या वेळी पर्याय विचारले जातात. ‘कॉपी’ म्हणजे मूळ कार्डात राहील आणि संगणकात नक्कल येईल. ‘मूव्ह’ म्हणजे मूळ उचलून इकडे आणले जाईल. ‘ॲड’ म्हणजे फाईल जेथे आहे तेथेच राहील, केवळ तिची नोंद घेतली जाईल. कार्डावरून वा मोबाईलवरून घेताना नेहमी ‘कॉपी’ करावी. आपल्याकडे वीज कोणत्या क्षणी जाईल याचा नेम नाही, आणि सामान हलविणे अर्ध्यावर तुटले तर ते इकडचेही राहत नाही आणि तिकडचेही राहत नाही. आधी नक्कल करावी, दोन्हीकडची संख्या ताडून पाहावी, दोन-चार फोटो उघडून बघावेत आणि मगच कार्ड रिकामे करावे.

‘ॲड’ या पर्यायाने अनेकांची फसगत होते, म्हणून तेथे थोडे थांबतो. डेडस्टॉक रजिस्टर म्हणजे कपाट नव्हे, हे आपण जाणताच. रजिस्टरात ‘कपाट, खोली क्र. 3’ असे लिहिलेले असते. कपाट खोलीत असते. कोणी न सांगता ते कपाट पाचव्या खोलीत नेले, तर तपासणीस आलेले साहेब तिसऱ्या खोलीत उभे राहून कपाट हरवले असे म्हणतील. लाइटरूमचा ‘कॅटलॉग’ अगदी असाच आहे. त्यात छायाचित्रे नसतात. छायाचित्र कोठे ठेवले आहे, त्याचा उजेड किती वाढविला, कोठे कापले, कोणते नाव दिले, याची नोंद आणि एक छोटी झलक एवढेच त्यात असते. डिजिकॅमचा माहितीसंचही याच जातीचा. फाईल डेस्कटॉपवरून उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकली, की लाइटरूम त्या फोटोवर हरवल्याची खूण दाखविते आणि आपण घाबरतो. फाईल गेलेली नसते, रजिस्टरातला पत्ता चुकलेला असतो. नवा पत्ता दाखवून दिला की काम होते. म्हणून फाईल हलवावयाची, तर ती त्या सॉफ्टवेअरच्या आतूनच हलवावी. आणि कॅटलॉगची नक्कल पेनड्राइव्हवर घेतली म्हणजे फोटो जपले असे समजून कोणी निर्धास्त राहू नये. ते रजिस्टर जपून कपाट जाळण्यासारखे होईल.

नावांविषयी. कॅमेरा आपल्या फाईलला स्वतःहून क्रमांक देतो. तो क्रमांक 0001 पासून 9999 पर्यंत जातो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. दोन शिक्षकांच्या दोन कॅमेऱ्यांतून एकाच नावाच्या दोन फाईली निघणे यात नवल नाही. त्या एकाच फोल्डरमध्ये टाकताना ‘आधीची पुसून नवी ठेवू का?’ असा प्रश्न संगणक विचारतो, घाईत आपण होकार देतो, आणि पहिली फाईल जाते. यास्तव आत घेतानाच नाव बदलण्याची सोय वापरावी. नावात प्रथम वर्ष, मग महिना, मग दिवस, नंतर प्रसंग आणि शेवटी अनुक्रमांक घालावा, जसे ‘2025-08-15-प्रभातफेरी-012’. वर्ष आधी का? संगणक नावे अक्षरानुक्रमे लावतो. दिवस आधी लिहिला तर जानेवारीची 1 तारीख आणि ऑगस्टची 1 तारीख शेजारी बसतील. जुन्या सॉफ्टवेअरांना देवनागरी नावे कधी कधी पचत नाहीत, तेव्हा फाईलचे नाव रोमन लिपीत ठेवून मराठी मजकूर आतल्या वर्णनात लिहिणे सोयीचे. केंद्रातील सर्व शाळांचे फोटो एकत्र करावयाचे असतील, तर प्रारंभी शाळेचा 11 अंकी यूडायस क्रमांक घालावा. गावाच्या नावाची दुसरी शाळा असू शकते, या क्रमांकाची असत नाही.

वर्णन हा मला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. प्रत्येक फाईलच्या पोटात काही माहिती असते : फोटो कधी काढला, कोणत्या यंत्राने काढला, आणि मोबाईलमध्ये स्थाननोंद चालू असेल तर कोठे काढला. त्याच जागी आपण ‘इयत्ता चौथी, बाजारमेळावा, डावीकडून अमुक तमुक’ असे लिहू शकतो. मात्र हे लिहिणे फाईलच्या आत जाते की केवळ सॉफ्टवेअरच्या रजिस्टरात राहते, ते सेटिंगमध्ये तपासून घ्या. डिजिकॅम आणि लाइटरूम दोन्हींमध्ये ते फाईलमध्ये लिहिण्याची सोय आहे. ही सावधगिरी अनाठायी नाही. गूगलचे पिकासा हे सॉफ्टवेअर घरोघरी वापरले जात होते. 2016 मध्ये गूगलने ते बंद केले, आणि ज्यांच्या अल्बमांच्या याद्या केवळ पिकासाच्या स्वतःच्या वहीत होत्या, त्यांची पंचाईत झाली. सॉफ्टवेअर आज आहे, उद्या नसेल. शाळा असणार आहे.

संपादनाकडे वळताना आपल्याच राज्यातील अजिंठ्याची आठवण करून देतो. 1844 पासून मेजर रॉबर्ट गिल यांनी तेथे राहून भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या नकला वर्षानुवर्षे केल्या. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या आणि 1866 च्या आगीत बहुतेक भस्मसात झाल्या. पुढे 1872 पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम पुन्हा आरंभिले. त्यांच्याही पुष्कळ नकला 1885 मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथे जळाल्या. नकला दोनदा जळाल्या, तरी मूळ चित्रे लेण्यांत होती म्हणून सर्वस्व गेले नाही. परंतु रंग उठून दिसावेत म्हणून नक्कल करणाऱ्यांनी मूळ चित्रांवरच वार्निश चढविले होते, ते काळाने पिवळे पडले, आणि ती हानी मात्र भरून आली नाही.

आपण वार्निश चढवितो ते असे. बहुतेक मोबाईल जेपेग या पद्धतीने फोटो साठवितात. 1992 चे हे मानक जागा वाचविण्यासाठी चित्रातील काही बारकावे टाकून देते. असा फोटो उघडून, बदलून, त्याच नावाने पुन्हा साठविला की पुन्हा काही बारकावे जातात. झेरॉक्सची झेरॉक्स काढलेली प्रश्नपत्रिका आपण वाचली आहे. तिसऱ्या प्रतीत काना-मात्रा शोधाव्या लागतात. शिवाय शासकीय संकेतस्थळ लहान आकाराची फाईल मागते, म्हणून आपण 4000 ठिपके रुंदीचा फोटो 600 वर आणतो आणि तोच मुळाच्या जागी साठवितो. मग दहा वर्षांनी त्याचे मोठे छायाचित्र छापावयाचे म्हटले, तर चेहऱ्याच्या जागी चौकडे दिसतात. तेव्हा ‘मूळ’ आणि ‘पाठविण्याचे’ असे दोन फोल्डर ठेवा. मूळ फोल्डरला हात लावू नये. गिंप या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये 2012 पासून ‘सेव्ह’ आणि ‘एक्स्पोर्ट’ वेगळे केलेले आहेत. ‘सेव्ह’ केल्यास गिंपची स्वतःची फाईल होते आणि संकेतस्थळ ती घेत नाही. जेपेग हवी तर ‘एक्स्पोर्ट’ करावे लागते. शिक्षक यावर चिडतात खरे, पण माझ्या मते ही अडचण उपकारक आहे, कारण तिच्यामुळे मूळ फाईल नकळत पुसली जात नाही.

व्हॉट्सॲपविषयी दोन वाक्ये बोलल्यावाचून चालणार नाही. तेथे पाठविलेले चित्र आकसते आणि पोटातली काढल्याची तारीख निघून जाते. नावात जी तारीख दिसते ती फोटो काढल्याची समजू नये. 15 ऑगस्टचा फोटो 17 तारखेला गटावर आला, तर नावात 17 येते. म्हणून सहकाऱ्याकडून मूळ फोटो हवा असेल, तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावा किंवा केबलने घ्यावा.

प्रती तीन असाव्यात : एक शाळेच्या संगणकात, दुसरी बाहेरील हार्डडिस्कवर, तिसरी गावाबाहेर, म्हणजे केंद्रशाळेत किंवा इंटरनेटवरील साठ्यात. आग, चोरी आणि वाळवी यांना शाळेच्या एकाच कपाटातील दोन प्रती सारख्याच. इंटरनेटवरील खाते शाळेच्या नावाचे असावे, गुरुजींच्या नावाचे नसावे. गूगल फोटोजमध्ये अमर्याद विनामूल्य जागा मिळत असे. ती सवलत 1 जून 2021 पासून संपली आणि आता विनामूल्य 15 जीबीत टपालही मोजले जाते, हेही ध्यानात असू द्यावे.

मुलांचे फोटो बाहेर देताना स्थाननोंद काढून टाकावी आणि पालकांची संमती घ्यावी. डिजिटल वैयक्तिक माहितीविषयीच्या 2023 च्या कायद्याने 18 वर्षांखालील सर्वांना बालक मानले आहे. माहितीत असलेल्या फोटोची नावासह नोंद शाळेत ठेवणे वेगळे आणि ती गावभर वाटणे वेगळे.

चार्जच्या यादीत एक ओळ वाढविण्यास कोणाच्या हुकमाची वाट पाहण्याचे कारण नाही. ‘छायाचित्रे, हार्डडिस्क 1, फोल्डर इतके, फाईली इतक्या, खात्याचा सांकेतिक शब्द बंद पाकिटात’ असे लिहून देणाऱ्याची व घेणाऱ्याची सही घ्यावी.

दुपारच्या सत्रात येथे दोन संगणक मांडले आहेत. ज्यांनी मोबाईलची केबल आणली असेल, त्यांनी आपल्या शाळेच्या कोणत्याही एका कार्यक्रमाचे फोटो आत घेऊन, नावे बदलून, निदान दहा फोटोंखाली मुलांची नावे लिहून पाहावीत. ज्या मुलांची नावे आठवणार नाहीत, त्यांची यादी उद्या शाळेत गेल्यावर मुलांकडूनच पुरी करून घ्यावी.