हेमांगी की माया?

खारघरहून बोलतेय. आजचा विषय बारसं. माझा भाऊ मॉन्ट्रियलला असतो, त्याला मुलगी झाली. आत्या मी, म्हणजे कानात ‘कुर्र’ करायचा मान माझा, व्हिडिओ कॉलवरून का होईना!

पुष्य नक्षत्र निघालं. अक्षरं हू, हे, हो, डा. आई म्हणाली, “हेमांगी ठेवा, माझ्या आईचं नाव.” भाऊ जरा थांबून म्हणाला, “फ्रेंचमध्ये एच उच्चारत नाहीत गं. जी पुढे आय आला की त्याचा झ होतो. पाळणाघरात हिची ‘एमांझी’ होईल.” आई हिरमुसली.

मग यादी सुरू झाली. चारू? सीएचचा श, म्हणजे शारू. उमा? फ्रेंचांसाठी ओयू लिहावं तर इंग्रजीवाले ‘औमा’ वाचणार. मुलगा असता तर रवी छान होतं, फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ आनंदित!

यातून मी एक शिकले. नाव नुसतं म्हणून बघू नका. स्पेलिंग कागदावर लिहा, दोन्ही भाषांच्या माणसांना न सांगता वाचायला द्या. आणि वेळेत ठरवा, क्यूबेकमध्ये जन्मनोंदणी 30 दिवसांत करावी लागते.

शेवटी ‘माया’ ठरलं. तिन्ही भाषांत मायाच. पत्रिकेत जन्मनाव हेमांगी, आणि दाखल्यावरही दुसरं नाव तेच. मुलीला रोज वर्गात स्वतःचं नाव शिकवत बसायला नको, तसं आजीलाही ते परकं वाटायला नको, नाही का?

आई फोनवर अजून हेमांगीच म्हणते. म्हणू दे. पोर दोन्ही नावांना ओ देईल.