सातूचं मडकं आणि शेळ्यांचा हिशेब



बक्षिसं वाटून झालीत, नाच अजून व्हायचेत. प्रमुख पाहुण्याला ही मधली जागा मिळते. समोरची मंडळी खुर्चीत असतात आणि त्यांचं मन पडद्यामागे. माझी तक्रार नाही. 2010 साली हार्वर्डच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी सुमारे 2250 माणसांना दिवसातून अधूनमधून फोनवर विचारलं, की आत्ता जे करताय त्यातच तुमचं मन आहे का? जवळपास निम्म्या वेळा उत्तर आलं, नाही. तेव्हा या मांडवातलेही निम्मे लोक आत्ता दुसरीकडे असणार, आणि त्यात शिक्षक नाहीत असं मानायला मी तयार नाही.

आपल्या भाषेत या उद्योगाला नावं भरपूर. दिवास्वप्न, मनोराज्य, तंद्री, हवेतले इमले, मनातले मांडे. करणाऱ्याला थेट शेखचिल्ली. पण बघा, ही सगळी नावं बाजूला उभ्या असलेल्या माणसाने ठेवलेली आहेत. खिडकीबाहेर बघत बसलेलं पोर कधी म्हणत नाही, ‘मी मनोराज्य करतोय.’ काय चाललंय विचारलं की ते म्हणतं, ‘काही नाही.’

त्यातल्या त्यात मांड्यांचा मान मला मोठा वाटतो. खान्देशातल्या पालकांनी मांडे होताना पाहिले असतील. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत वाढवायची आणि न फाटता पालथ्या खापरावर टाकायची. भल्याभल्या सुगरणींना ते साधत नाही. मनात खायचेच तर मांडे खावेत, हे आपल्या पूर्वजांनी बरोबर ओळखलं. मनात भाकरी कोण खातं?

आता पंचतंत्रातली गोष्ट. तुम्ही ती ऐकलेली आहे, पण मी ती बँकेच्या टेबलामागून वाचतो. माझी नोकरी ग्रामीण शाखांमध्ये कर्जप्रकरणं तपासण्यात गेली. एका कंजूष ब्राह्मणाला भिक्षेत सातूचं पीठ मिळतं. ते मडक्यात भरून तो खुंटीला टांगतो आणि खाली खाटेवर पडून हिशेब मांडतो. दुष्काळ पडला की पिठाचे शंभर येतील. त्यात दोन शेळ्या. दर सहा महिन्यांनी करडं. शेळ्यांच्या गाई, गाईंच्या म्हशी, म्हशींच्या घोड्या, घोडे विकून सोनं, मग चौसोपी वाडा, लग्न, मुलगा सोमशर्मा. मुलगा रांगत घोड्यांजवळ जातो, बायको हाक ऐकत नाही, हा लाथ उगारतो आणि मडकं फोडून घेतो. अंगभर पीठ.

लोक याला हसतात ते स्वप्न पाहिल्याबद्दल. मला त्याचा प्रकल्प अहवाल मुळात वाईट वाटत नाही. दुष्काळात धान्याचा भाव चढतो, हे त्याला कळतं. लहान जनावरापासून सुरुवात करावी, हेही कळतं. मी ते प्रकरण टेबलावर घेतलं असतं. पण परत पाठवलं असतं, कारण त्यात चारा नाही. मरतूक नाही. शेळी पाच महिने गाभण राहते, त्यामुळे आपण दोन वर्षांत तीन वेत धरतो. याने चार धरलेत. पावसाळ्याआधीची आंत्रविषाराची लस नाही, गोठा नाही, राखणारा नाही. पहिली ओळ आहे, शेवटची ओळ फारच सविस्तर आहे, मधली पानं कोरी.

गॅब्रिएल ओटिंगेन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी नेमकी हीच कोरी पानं अभ्यासली. शिक्षण संपवून नोकरी शोधणाऱ्या विद्यार्थ्यांवरचं त्यांचं काम 2002 मध्ये प्रसिद्ध झालं. छान नोकरी लागल्याची चित्रं जे जास्त वेळा रंगवत होते, त्यांनी अर्ज कमी केले, आणि दोन वर्षांनी त्यांचा पगारही कमी निघाला. ‘मला जमेल’ असा भरवसा असणारे मात्र पुढे गेले. भरवसा आणि चित्र रंगवणं यात फरक आहे, हे आम्हाला शाखेत कर्जदाराला दोन प्रश्न विचारताच समजायचं. बाईंचा सल्ला असा, की हवं ते मनात बघा आणि लगेच त्याच्या आड येणारी गोष्टही बघा.

त्र्यंबकेश्वरच्या धुंडिराज फाळक्यांनी दोन्ही पाहिलं. 1910 च्या सुमारास मुंबईत येशूच्या चरित्रावरचा मूकपट बघताना त्यांच्या डोळ्यांपुढे कृष्ण आणि गोकुळ यायला लागलं, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. समोर एक चाललंय आणि मनात भलतंच, म्हणजे शाळेच्या भाषेत वर्गात लक्ष नाही! पण हा माणूस तिथे थांबला नाही. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून 1912 मध्ये लंडनला गेला, कॅमेरा घेऊन आला. भांडवलदाराला पटावं म्हणून कुंडीत वाटाणा लावला आणि तो उगवताना एकेक चौकट टिपत राहिला. फिल्मच्या कडांना भोकं पाडायचं काम पत्नी सरस्वतीबाईंनी शिकून घेतलं. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवलं. 3 मे 1913 ला ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. हे प्रकरण माझ्या टेबलावर आलं असतं तर मी मंजूर केलं असतं का? तारण बघून बहुधा नाही. बँकेवाल्यांचं फार ऐकू नका.

शिक्षकांसाठी एक नाव राखून ठेवलंय. भावनगरचे गिजुभाई बधेका वकिली सोडून शिक्षक झाले. एक मास्तर चौथीचा वर्ग मागून घेतो आणि वर्षभर गोष्टी, खेळ, नाटकं यांतून शिकवतो, असं पुस्तक त्यांनी लिहिलं. लोकांनी हिणवायच्या आत त्यांनीच त्याला नाव दिलं, ‘दिवास्वप्न’. त्यांच्याबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक पुढे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला आल्या, मग अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर. आदिवासी मुलं शाळेत येईनात, म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. त्यातली थोडी मोठी मुलं सकाळीच गुरं घेऊन रानात जायची, ती अंगणातही सापडेनात. मग बाईंच्या शिक्षिका त्यांच्या मागोमाग चराईच्या जागी गेल्या. गुरं चरत राहिली, मुलं शिकत राहिली. त्या शाळेचं नाव कुरणशाळा. इथे चाऱ्याचा हिशेब आधीच धरलेला होता.