आधी पिशवी ओता, मग डॉक्टरांना फोन लावा

आज बोलायचंय फोनवरच्या डॉक्टरबद्दल.

माझी आजी मंठा तालुक्यात राहते. गेल्या वर्षी तिला चक्कर यायची, पाय सुजायचे. मी पडलो सॉफ्टवेअरवाला. पुण्यात बसून एका ॲपवरून तिला डॉक्टरांचा व्हिडिओ कॉल लावून दिला. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कोणत्या चालू आहेत?" आजी म्हणाली, "एक पांढरी हाय अन् एक लहानी." तेवढ्यात रेंज गेली. परत कॉल लागला आणि संपला, तेव्हा चक्करेची आणखी एक गोळी वाढली होती!

चार दिवसांनी आजी गावच्या उपकेंद्रात गेली. तिथल्या ताई समुदाय आरोग्य अधिकारी आहेत. त्यांनी आधी बीपी मोजलं. बरंच कमी होतं. मग म्हणाल्या, "आजी, गोळ्यांची पिशवीच ओता इथं." दोन स्ट्रिपा निघाल्या. कंपन्या वेगळ्या, नावं वेगळी, आतलं औषध मात्र एकच, ॲम्लोडिपिन. म्हणजे आजी बीपीची गोळी दुप्पट खात होती. ताईंनी ई-संजीवनीवरून डॉक्टरांना जोडलं आणि सगळं वाचून दाखवलं. डॉक्टरांनी एक स्ट्रिप बंद केली. हळूहळू सूज उतरली, चक्कर थांबली.

ई-संजीवनी ही सरकारी सेवा, मोहालीच्या सी-डॅकनं बनवलेली. 2019 मध्ये ती अशीच सुरू झाली: एका टोकाला आरोग्य केंद्र, दुसऱ्या टोकाला डॉक्टर. घरून थेट डॉक्टरांशी बोलायची सोय एप्रिल 2020 मध्ये, लॉकडाऊनमध्ये आली. आपण सगळे दुसरीचंच कौतुक करतो. पण म्हाताऱ्या माणसासाठी पहिली जास्त कामाची, कारण तिथं पेशंटजवळ कुणीतरी शिकलेलं माणूस असतं.

आणि ते माणूस कॉलमधून शिकतही जातं. अमेरिकेत न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरांनी 2003 मध्ये 'प्रोजेक्ट एको' सुरू केला तो याच विचारानं. खेड्यातले डॉक्टर दर आठवड्याला व्हिडिओवर हिपॅटायटिस-सीच्या केसेस मांडायचे, तज्ज्ञांसोबत चर्चा करायचे. 2011 मध्ये निकाल छापून आले: खेड्यातले पेशंट विद्यापीठाच्या दवाखान्याइतकेच बरे होत होते. जालन्यात 2024 पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तिथले प्राध्यापक आणि आपल्या उपकेंद्रातल्या ताई आठवड्यातून तासभर अशा जोडल्या गेल्या तर?

तोवर आपल्या हातात एवढं आहे. या रविवारी घरी फोन करा. आजी-आजोबांच्या स्ट्रिपांच्या मागच्या बाजूचे फोटो मागवा, ब्रँडसोबत छापलेलं औषधाचं नाव वाचा. एकच नाव दोनदा दिसलं, तर स्वतः काही बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. आणि छातीत दुखतंय, दम लागलाय, तर ॲप उघडत बसू नका, सरळ 108 लावा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!