डॉक्टर, वकील आणि नुकसानभरपाईचा दावा



विद्यार्थी नापास झाला, एवढ्यावरून मास्तरांनीं शिकविलेंच नाहीं असें सिद्ध होत नाहीं. त्याचप्रमाणें रोगी दगावला किंवा खटला हरला, एवढ्यानेंच डॉक्टर वा वकील दोषी ठरत नाहींत. त्या पेशांतील सामान्यतः कुशल मनुष्य घेतो तितकी काळजी घेतली गेली काय, हा न्यायालयाचा प्रश्न असतो.

१९५३ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाची मांडी मोडली. त्यास पुण्यास आणलें. तेथें शल्यवैद्यानें योग्य भूल न देतां अति जोर लावून हाड बसविलें, आणि त्या धक्क्यानें मुलगा गेला, असें न्यायालयांत शाबीत झालें. वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांनीं दावा लावला. १९६८ सालीं, म्हणजे अपघातानंतर १५ वर्षांनीं, सर्वोच्च न्यायालयानें ३,००० रुपयांची भरपाई कायम केली. रोगी हातीं घ्यावा कीं नाहीं, कोणता उपचार करावा, आणि तो कसा करावा, या तिहींत काळजी घेणें हें डॉक्टरचें कर्तव्य होय, असें त्या निकालांत सांगितलें आहे.

वादीनें कर्तव्य, त्याचा भंग आणि भंगामुळेंच झालेलें नुकसान, या तीन गोष्टी शाबीत करावयाच्या असतात. तिसरी सर्वांत अवघड. वकिलानें अपिलाची मुदत चुकविली, एवढें पुरत नाहीं. अपील वेळेवर गेलें असतें तर यश येण्याजोगें होतें, हेंही पटवावें लागतें.

दाद कोठें मागावी? फी घेणाऱ्या डॉक्टरांविरुद्ध १९९५ च्या निकालामुळें ग्राहक न्यायमंचाचें दार उघडलें. तेथें तक्रार साधारणतः दोन वर्षांचे आंत करावी लागते. वकिलांना मात्र १४ मे २०२४ च्या निकालानें त्या कायद्यांतून वगळलें आहे. तरी १९२६ च्या कायद्याप्रमाणें त्यांचेवर दिवाणी दावा लावतां येतो. बार कौन्सिल सनद काढून घेऊं शकतें; भरपाई देववीत नाहीं. डॉक्टरवर फौजदारी खटला चालण्यास निष्काळजीपणा घोर असावा लागतो, असें २००५ सालीं ठरलें.

म्हणून दुःखाच्या भरांतही घरांतील एकानें कागद जपावेत. उपचारांची नोंद मागितल्यापासून ७२ तासांत देण्याचें बंधन २००२ च्या नियमांनीं डॉक्टरांवर घातलें आहे. तो कागद अन्याय झालेल्याचा आधार होतो. आणि प्रामाणिक डॉक्टरलाही खोट्या आरोपांतून तोच सोडवितो.