परदेशी विद्यापीठाची वाट आणि रिकामा खिसा



1883 साली अठरा वर्षांची एक मराठी मुलगी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला गेली आणि फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाकडे तिने प्रवेशासाठी पत्र धाडले. आपले पूर्वशिक्षण तेथील अटींत पुरते बसत नाही, हे तिने लपविले नाही. आपण कशासाठी आलो आहोत ते सांगितले आणि अटींपेक्षा हेतू पाहावा अशी विनंती केली. महाविद्यालयाने ती मानली. 1886 साली आनंदीबाई जोशी पदवीधर डॉक्टर झाल्या. आज ज्याला मुले ‘एसओपी’ म्हणतात, त्याचा मराठी माणसाला ठाऊक असलेला पहिला नमुना बहुधा हाच. असली पत्रे पैसे घेऊन लिहून देणारी दुकाने मात्र तेव्हा निघाली नव्हती.

तीस वर्षांनी, 1913 साली, बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांच्या बोलीची. ती संपताच लंडनमधला अभ्यास अर्धा टाकून 1917 साली त्यांना परतावे लागले. पुन्हा जाता आले ते 1920 साली. या तीन वर्षांत त्यांची बुद्धी कमी झाली नव्हती, पैसा संपला होता.

ही दोन उदाहरणे जयंतीपुण्यतिथीला सांगितली जातात आणि तेथेच ठेवून दिली जातात. वस्तुतः आजच्या विद्यार्थ्याला ती अर्ज भरताना आठवावीत. परदेशी शिक्षणाची तयारी म्हणजे इंग्रजीची तयारी, असा सर्वसाधारण समज आहे. खरी पहिली पायरी पासपोर्टची आहे, कारण आयल्ट्ससारख्या परीक्षेला बसण्यासाठी ओळखपत्र म्हणून तोच लागतो. आणि येथेच महाराष्ट्रातला विद्यार्थी अडखळतो. त्याच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचे नाव. पासपोर्टवर क्रम निराळा. आधारकार्डावर एखादे अक्षर आणखी निराळे. शहरातल्या सुशिक्षित घरात हे दहावीलाच कोणीतरी पाहून ठेवतो. शेतमजुराच्या मुलाला ते अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात कळते, आणि मग तहसील, विद्यापीठ, नोटरी अशा फेऱ्या सुरू होतात.

आता परीक्षेकडे पाहू. आयल्ट्समध्ये ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे असे चार भाग असतात. ध्वनिफीत एकदाच ऐकवली जाते. मराठी माध्यमातल्या मुलाची दमछाक होते ती तेथे. परक्या उच्चारांची सवय महिनाभरात लागत नाही, वर्षभर रोज अर्धा तास कान द्यावा लागतो. लेखनाच्या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याला दुप्पट वजन आहे आणि त्यात किमान 250 शब्दांत एखाद्या मताची बाजू मांडायची असते. अलंकारिक इंग्रजीची तेथे गरज नाही, सरळ युक्तिवादाची आहे. वादविवाद मंडळात बोललेल्या मुलाला हे जमते. क्लासवाले पाठ करून घेतात ते तयार साचे परीक्षकांना ओळखू येतात आणि त्याने गुण घटतात. शिवाय या परीक्षेचा निकाल दोनच वर्षे ग्राह्य धरला जातो, म्हणून उगाच घाई करून बसण्यातही अर्थ नाही.

शुल्क सतरा हजार रुपयांच्या पुढे आहे. 2025-26 साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. म्हणजे एका परीक्षेसाठी चौपन्न दिवसांहून अधिक माती उपसायची, तीही एका घासावाचून. ज्या राज्याने 1977 साली रोजगार हमीचा कायदा केला, त्या राज्यात हा हिशेब मांडायला कोणाला लाज वाटू नये.

मग या परीक्षाच मोडीत काढाव्यात काय? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. अमेरिकेतील सॅट ही परीक्षा 1926 साली प्रथम घेतली गेली. ती रचणाऱ्या कार्ल ब्रिगहॅम यांनी 1923 साली वंशश्रेष्ठत्वाचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले होते. 1930 साली त्यांनी स्वतःच ते निष्कर्ष मागे घेतले. कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रवेशासाठी ही परीक्षा विचारात घेणे बंद केले. उलट एमआयटीने 2022 साली ती पुन्हा सक्तीची केली, आणि गरीब घरातली हुशार मुले हेरायला तिचा उपयोग होतो असे कारण दिले. हे कारण अगदीच टाकाऊ नाही. परीक्षा गेली की निबंध, शिफारसपत्रे आणि ‘उपक्रम’ यांचे वजन वाढते. आणि घोडेस्वारी नि व्हायोलिन कोणाच्या घरी असते, हे सांगायला नको.

शिफारसपत्राची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. ‘तूच लिहून आण, मी सही करतो,’ असे म्हणणारे प्राध्यापक गावोगाव आहेत. ते दुष्ट नसतात, त्यांनाही असे पत्र कसे लिहितात हे कोणी दाखवलेले नसते. यवतमाळमध्ये राजू केंद्रे यांनी उभे केलेले ‘एकलव्य’चे काम या दृष्टीने मोलाचे आहे. जी माहिती काही घरांत जेवणाच्या पाटावर मिळते, ती पहिल्या पिढीच्या मुलांपर्यंत तेथे पोचवली जाते.

राहिला शिष्यवृत्तीचा प्रश्न. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या जागा 125, त्यांतल्या 115 अनुसूचित जातींसाठी. देशाचा आकार पाहता हा आकडा चेष्टेचाच. त्यात 2022 साली नियम आला की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतातील समाजाचा अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीतून घेता येणार नाहीत. बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबियात वाचलेला निबंध भारतातील जातींवर होता. या नियमाखाली त्यांचा अर्ज छाननीतच बाजूला पडला असता.

राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने राज्य सरकार देते त्या शिष्यवृत्तीच्या जागा 75. दोन्हीकडे अडचण वेळेची आहे. अमेरिकेतल्या बहुतेक अर्जांची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते. विलायतेतली अनेक विद्यापीठे जागा राखण्यासाठी आगाऊ रक्कम मागतात. केंद्राला मात्र आधी बिनशर्त प्रवेशपत्र हवे असते. रक्कम भरल्याशिवाय पत्र पक्के होत नाही, पत्राशिवाय शिष्यवृत्ती नाही आणि शिष्यवृत्तीशिवाय रक्कम कोठून आणायची? या फेऱ्यात सापडलेला विद्यार्थी सावकाराकडे जातो किंवा घरी बसतो. तेव्हा मागणी नेमकी करावी. जाहिरात नोव्हेंबरात निघावी, निकाल मार्चअखेर लागावा, परीक्षेचे शुल्क आणि आगाऊ रक्कम सरकारने परस्पर भरावी, आणि 2022 चा तो नियम रद्द व्हावा.