टेनिसचे कोर्ट आणि नागरिकांचा हक्क

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संक्षेप)



समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात टेनिसचा विषय निघावा, याचे काहींना आश्चर्य वाटेल. पाणीटंचाई, लोकलमधील जीवघेणी गर्दी, धोकादायक इमारती हे प्रश्न उभे असताना चेंडू-रॅकेटची चर्चा कशाला, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तथापि, शहरातील मोकळी जमीन कोणाच्या उपयोगासाठी, हा प्रश्न या खेळाच्या निमित्ताने जितका स्पष्ट होतो तितका क्वचितच होतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ठाण्यात कोलशेत येथे सुमारे साडेवीस एकरांचे उद्यान खुले झाले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आदर्श पुढे ठेवून त्याच्या नावातही ‘ग्रँड सेंट्रल पार्क’ हे शब्द घालण्यात आले. महापालिकेच्या वतीने ते खाजगी विकासकाने उभारले. तेथे लॉन टेनिसचीही सोय आहे आणि प्रवेशाला शुल्क आहे. उद्यान देखणे आहे, हे मान्य करण्यात कंजुषी करण्याचे कारण नाही. पण हिशेब मांडून पाहावा. साडेवीस एकर म्हणजे सुमारे ८३ हजार चौरस मीटर. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार होती. भागाकार केल्यास माणशी सुमारे ४५० चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका फुलस्केप कागदाहूनही कमी जागा वाट्याला येते. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगररचनाविषयक मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा अपेक्षिली आहे. शहरात इतर उद्याने व मैदाने आहेत हे खरे. परंतु एका भव्य उद्यानाने ही उणीव भरून निघत नाही.

अशा टंचाईत टेनिसला जागा द्यावी काय? कबड्डीचे पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते आणि त्यावर १४ जण खेळतात. माणशी सुमारे ९ चौरस मीटर. टेनिसचे कोर्ट केवळ रेषांच्या आत मोजले तरी सुमारे २६० चौरस मीटर भरते आणि त्यावर फार तर चौघे खेळतात, माणशी ६५. म्हणजे सातपट जागा, आणि रेषेमागे धावण्यासाठी लागणारी जमीन वेगळीच. हा आक्षेप खोडून काढता येणार नाही. म्हणून सार्वजनिक जमिनीवरचे कोर्ट दिवसभर आणि सर्वांसाठी वापरात राहिले, तरच त्याचे समर्थन होऊ शकते.

टेनिस हा मुळातच धनिकांचा खेळ आहे, हे मात्र खरे नव्हे. १९४३ साली जन्मलेला कृष्णवर्णीय खेळाडू आर्थर अ‍ॅश अमेरिकेतील रिचमंड शहरात वाढला. त्याचे वडील कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या एका सार्वजनिक क्रीडांगणाचे रखवालदार होते. कुटुंबाचे घर त्या आवारातच होते आणि टेनिसची कोर्टे अंगणाला लागून. तेथे रॅकेट हाती धरलेल्या या मुलाने १९६८ मध्ये अमेरिकन आणि १९७५ मध्ये विम्बल्डनचे विजेतेपद मिळविले. त्याच शहरातील गोऱ्यांच्या उद्यानातील कोर्टे मात्र त्याला बंद होती. तीही सार्वजनिकच होती! तात्पर्य, मालकी सार्वजनिक असणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही. तेथे दार रंगाने अडविले होते. येथे ते शुल्काने आणि वेळेने अडविले जाऊ शकते.

प्रथम शुल्काविषयी. देखभालीला पैसा लागतो. सारे फुकट ठेवून मैदानाची दुर्दशा होऊ देणे हा समाजवाद नव्हे. परंतु देखभालीपुरती वर्गणी आणि गर्दी हटविण्यासाठी लावलेली किंमत यांत फरक आहे. न्यूयॉर्क शहराच्या उद्यानांतील कोर्टे महापालिकेच्या हंगामी परवान्यावर मिळतात. २०११ मध्ये प्रौढांची परवाना-फी १०० डॉलरवरून २०० डॉलर झाली, तेव्हा परवाने घेणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटली. मुलांसाठी मात्र ही फी तेथे नाममात्रच असते. दुपारी रिकाम्या पडलेल्या कोर्टावर महापालिका शाळेची मुले खेळली, तर महापालिकेला जवळजवळ काहीच जादा खर्च येत नाही. ती जागा रिकामी ठेवणे हीच खरी उधळपट्टी होय.

दुसरी गोष्ट वेळेची. कल्याण-डोंबिवलीहून मुंबईस जाणारा चाकरमानी सकाळी लवकर निघतो आणि दिवेलागणीनंतर परततो. नोकरी करणाऱ्या स्त्रीला त्यानंतर घरचीही पाळी असते. जे कोर्ट अंधार पडताच बंद होते, ते कागदावर सर्वांचे असले तरी प्रत्यक्षात मोकळ्या वेळेची चैन परवडणाऱ्यांचेच ठरते. संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत पैशाऐवजी पाळीने वाटप व्हावे, त्यातही काही तास स्त्रियांसाठी व मुलांसाठी राखून ठेवावेत, आणि कोणत्याही क्लबला वा प्रशिक्षणवर्गाला सर्व वेळ आगाऊ बहाल करू नये.

मात्र हे सारे जमीन शिल्लक राहिली तरच. डोंबिवलीचे भागशाळा मैदान वा कल्याणचे सुभाष मैदान टिकून आहे, म्हणून तेथे कोणता खेळ असावा हा वाद तरी घालता येतो. विकास आराखड्यात मैदानासाठी आरक्षण पडले म्हणजे मैदान झाले, असे नव्हे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार दहा वर्षांत संपादन झाले नाही, तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या विहित मुदतीतही पावले न उचलल्यास आरक्षण आपोआप रद्द होते. अनेक मैदाने बुलडोझरखाली नव्हे, तर अशा मौनाखाली गाडली जातात.

तेव्हा कार्यकर्त्यांनी आपापल्या प्रभागातील क्रीडांगणांच्या आरक्षणांची यादी माहितीच्या अधिकारात मागवावी आणि प्रत्येकाची दहा वर्षांची मुदत कधी संपते ते तपासावे. अस्तित्वात असलेल्या कोर्टांचे करारनामे, शुल्कपत्रक आणि वापराची नोंदवही पाहावयास मागावी. कोणत्या तासाला कोण खेळले, हे त्या नोंदवहीतून कळेल. महापालिका शाळेतील मुलांची नावे तिच्यात दिसत नसतील, तर पुढच्या प्रभागसभेचा पहिला विषय ठरलेला आहे.