मांडीवरचं मूल आणि गाडीचा वेग

(वस्त्यांमधील महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या विषयावर बोलायचं ठरलं तेव्हा आपल्यातलीच एक म्हणाली, "हा ट्रॅफिक पोलिसांचा विषय. यात बायकांचा प्रश्न कुठे आला?" मी तिला म्हटलं, उद्या सकाळी शाळेच्या वेळेला चौकात उभी राहा. पुरुष गाडी चालवतो, त्याच्या डोक्यावर हेल्मेट. त्याच्या पुढे, पाय ठेवायच्या जागेत, मोठं मूल उभं. मागे बाई, दोन्ही पाय एका बाजूला सोडून. मांडीवर तान्हं, दुसऱ्या हातात डब्याची पिशवी. बाळाला वारा लागू नये म्हणून कुंची बांधलेली, वरून शाल. चौघांत हेल्मेट एक. ते कुणाच्या डोक्यावर आहे ते बघ आणि मग मला सांग.

घरातलं दूध नि अंडं कुणाच्या वाट्याला जातं यावर आपण कितीतरी शिबिरं घेतली. हेल्मेटची वाटणी तशीच होते. "पोलीस चालवणाऱ्याला धरतात," हे उत्तर तयारच असतं. म्हणजे डोकं वाचवायचं ते दंडापुरतं! दिल्लीत तर २०१४ पर्यंत बायकांना हेल्मेट ऐच्छिकच होतं. सवलत म्हणून दिलेल्या गोष्टी आपल्याला किती महाग पडतात, त्याचं हे एक उदाहरण.

मी काही शहाणपण शिकवायला उभी नाही. माझंच सांगते. १९९७ साली मी बिनगिअरची स्कूटर घेतली, तेव्हा आकाश ठेंगणं झालं होतं. कुणाची वाट बघायला नको, कुणाच्या मागे बसायला नको. मुलगी अडीच वर्षांची. तिला पुढे उभी करून पाळणाघरात सोडायचे आणि तशीच कामावर. एक दिवस समोर कुत्रं आलं. मी ब्रेक दाबला, गाडी पडलीही नाही, पण पोरीची हनुवटी हँडलवर आपटली. तीन टाके पडले. टाके घालणाऱ्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "आईचं लक्ष कुठे होतं?" तिचे वडील शेजारीच उभे होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

तो प्रश्न मला वर्षानुवर्षं टोचत राहिला. त्यातला अन्याय मला दिसत होता. पण नुसत्या अन्यायाबद्दल बोलून मी स्वतःची सुटका करून घेत होते, हेही खरं. ब्रेक दाबल्यावर काय होणार हे मी कधी समजूनच घेतलं नव्हतं.

ते समजून घेऊ. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारं मूल जेव्हा कशावर आदळतं, तेव्हा त्याचा वेग सुमारे सहा मीटरवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून पडल्याइतका असतो. आता मांडीवरच्या मुलाचं बघा. मूल दहा किलोचं आहे आणि धडकून गाडी अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर त्याला धरून ठेवायला साधारण सव्वाशे किलोचा जोर लागेल. एका हाताने! "मी घट्ट धरते" असं आपण सगळ्याच म्हणतो आणि मनापासून म्हणतो. पण माया कितीही असली तरी हातात तेवढं बळ नसतं. त्यात एका बाजूला बसलेल्या बाईला स्वतःचाच तोल सावरायचा असतो, आणि पदर चाकात जाण्याची भीती वेगळीच. (साडीगार्ड नियमाने लागतो, तरी गाडी दिसायला बरी म्हणून तो काढून टाकणारे महाभाग आहेत.)

पुढे उभं राहणारं मूल आपल्याला सुरक्षित वाटतं, कारण ते डोळ्यांसमोर असतं. पण धक्का बसला की त्याच्यासमोर हँडल असतं आणि मागून आपलंच वजन त्याच्यावर येतं. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड, मान कोवळी, त्यामुळे आधी डोकंच आपटतं. शिवाय ते उभ्या-उभ्या पेंगतं. आणि गाडी चालू ठेवून आपण दुकानदाराला पैसे देत असतो, तेवढ्यात ते हौसेने मूठ पिळतं. आता किल्ली काढल्याशिवाय मी कुणाशी बोलत नाही.

कायदा काय म्हणतो? चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे, मागे बसणारीलाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने नवा नियम काढला, तो १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला मापाचं हेल्मेट हवं, सायकलचं चालतं. मूल पट्ट्याने चालवणाऱ्याच्या अंगाला बांधलेलं हवं आणि वेग ४० च्या आत. बायांनो, नीट ऐका: चालवणाऱ्याच्या अंगाला. नवरा चालवत असेल तर मूल त्याच्या अंगावर! सरकारने नकळत एक चांगलं काम केलं म्हणायचं. अर्थात पट्टा म्हणजे कवच नव्हे. गाडी पडली तर मूलही बरोबर पडणार. ते झोपेत घसरू नये, वेगळं फेकलं जाऊ नये, एवढंच त्याचं काम.

नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाच्या हेल्मेटबद्दल हा नियम गप्प आहे. माझं मत स्पष्ट आहे, त्याला दुचाकीवर नेऊच नये. हेल्मेटचं वजनही त्या मानेला पेलणारं नाही. पण प्रसूतीची रजा, ज्यांना मिळते त्यांना, पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे. म्हणजे सहा महिन्यांनी बाई कामावर हजर. मधले तीन महिने बाळाने कशावर बसून पाळणाघरात जायचं? ५० किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, असं २०१७ च्या दुरुस्तीत लिहिलं आहे. धुणीभांडी करणारीचं, हातगाडीवालीचं काय?

दोन माणसांपलीकडे तिसरं गाडीवर चालत नाही, हा नियम जुनाच. २०२३ साली केरळात रस्त्यांवर कॅमेरे बसले आणि आईबापांसोबतच्या लहान मुलाला तिसरा प्रवासी धरू नका, अशी मागणी झाली. केंद्राने नाकारली. मला वाटतं, बरोबर केलं. मूल मोजायचं नाही असं ठरवलं म्हणून ते पडायचं थांबत नाही. पण "दोन मुलं पुरेत" असं सांगणाऱ्या राज्यात चौघांनी कशाने जायचं? वेळेवर येणारी, मुलाला घेऊन चढता येईल अशी बस ही आपली मागणी असायला हवी. वस्तीत आणि कामाजवळ पाळणाघर, ही दुसरी. ती मिळेपर्यंत मुलं मात्र रोज गाडीवर बसणार आहेत, म्हणून बैठकीत दोन्ही बोलायला हवं.

घरी भांडण होईल, तयारी ठेवा. एका कार्यकर्तीने नवऱ्याला सांगितलं, "हेल्मेट एकच असेल तर मी बसणार नाही, पोरालाही बसवणार नाही." तीन आठवडे ती रिक्षाने आणि पायी फिरली. चौथ्या आठवड्यात घरात तीन हेल्मेटं आली.

आज मागच्या टेबलावर मुलांची हेल्मेटं ठेवली आहेत, विकायला नाहीत, घालून बघायला. शिवणाची टेपही आहे. भुवयांच्या वरून डोक्याभोवती माप घ्या आणि लिहून न्या. मोठं होईल म्हणून सैल घेऊ नका. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली एक बोट जाईल एवढंच हवं. ज्यांनी मुलं आणली आहेत त्यांनी आधी या, ती कंटाळली आहेत.